पत्र्याच्या वर्गात शिकवताना

ताई, शहाद्याकडे पहिलीचा वर्ग मिळालाय, तर घसा ताणण्याआधी अंतर कमी करा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने (आवाजाची पातळी मोजायचं एकक) वाढतो. फळ्याला चिकटून राहू नका, पोरांमध्ये फिरा.

गोंगाटातून बोलणं वेगळं काढायची क्षमता पौगंडावस्थेपर्यंत घडत राहते. आपण मोठी माणसं अर्धवट ऐकलेला शब्द अंदाजाने भरून काढतो. सहा वर्षांच्या पोराकडे तेवढा शब्दसाठा नसतो, आणि घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्याला तर प्रमाण मराठीत अंदाज बांधणं आणखी जड जातं. म्हणून 'लक्ष नसतं' असा शेरा मारण्याआधी त्याला ऐकू गेलं का ते बघा. 'कळलं का?' विचारलं की सगळी 'हो' म्हणतात. सांगितलेलं त्यांच्याच तोंडून वदवून घ्या.

शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा १५ डेसिबल तरी वर हवा असं मानतात. खडखडणारा पंखा दुरुस्त करून घ्याच, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो बंद ठेवणं शक्य नाही. पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तेव्हा लिहायला द्या.

संध्याकाळच्या साक्षरता वर्गातल्या आजींचं वेगळं. वयानुसार उंच पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, थ निसटतात. तिथे ओरडून उपयोग नाही. समोर, उजेडात, ओठ दिसतील असं सावकाश बोला.

आणि कुणाचा कान वाहत असेल तर नुसतं पुढे बसवून भागणार नाही. पालकांना भेटून डॉक्टरकडे पाठवा.