मेंदूतल्या गुठळीपर्यंत जाण्याचा रस्ता : जांघ, मनगट की मान?

प्रश्न : सासूबाईंना (वय ७८) पक्षाघाताचा झटका आला. गुठळी काढताना डॉक्टरांनी आधी जांघेतून प्रयत्न केला, तो जमेना म्हणून मनगटातून नळी घातली. मग सुरुवातच मनगटातून का केली नाही?

उत्तर : जांघेतली धमनी साधारण ६ ते ८ मिमी रुंद असते. तिच्यात ८ फ्रेंचचा शीथ, म्हणजे धमनीत बसवायची आणि आतून इतर नळ्या घालायची आखूड नळी, सहज बसतो (फ्रेंच हे जाडीचं माप; ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी). फुगा असलेला जाड गाइड कॅथेटरही (बाकीच्या नळ्यांना वाट देणारी मुख्य नळी) त्यातून जातो. गुठळी ओढताना हा फुगा रक्तप्रवाह थांबवतो आणि तुकडे सुटून वर जाण्याचा धोका कमी होतो. मनगटातली रेडियल धमनी जेमतेम २ ते ३ मिमी, तिथे ६ फ्रेंचचा शीथही घट्ट बसतो. म्हणून पहिली पसंती बहुधा जांघेला.

पण वय आणि जुना रक्तदाब यांमुळे महाधमनीची कमान लांबते, वाकते. वाट दाखवणारी बारीक तार कॅरोटिडमध्ये (मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या मोठ्या धमनीत) चढते; मागून जाड नळी ढकलली की सगळा संच घसरून कमानीत पडतो. सिमन्स आकाराचा (टोक उलटं वळलेला) कॅथेटर किंवा ताठ तार वापरून कधी जमतं, कधी नाही. जांघेकडून येणारी धमनीच बंद असेल तर तो रस्ता उरतच नाही.

मनगटाचा खरा फायदा मेंदूच्या मागच्या भागातल्या गुठळीत दिसतो : त्याच बाजूच्या हातातून व्हर्टिब्रल धमनी (मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणारी) जवळ पडते. उजव्या हातातून उजवी कॅरोटिडही बरी. डावी मात्र अवघड, कारण वळण फार तीव्र होतं. ती उजव्या बाजूच्या मोठ्या फांदीतूनच निघत असेल तर सोपी.

दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, म्हणून रस्ता टोचण्याआधीच ठरायला हवा. त्यासाठी सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) कमानीपासून हवी, नुसत्या डोक्याची पुरत नाही. मनगट आधीच निर्जंतुक करून ठेवावं आणि पंधरा-वीस मिनिटांत नळी स्थिर होत नसेल तर हट्ट सोडावा. रस्ता बदलणं म्हणजे हार मानणं नव्हे.

प्रश्न : मनगटाची धमनी आकसली तर?

उत्तर : आकसते, विशेषतः बारीक धमनीत वारंवार नळी फिरवली तर. सोनोग्राफीने आधी मोजावं. २ मिमीपेक्षा कमी असेल तर टाळलेलं बरं. शीथमधून व्हेरापामिल २.५ मिग्रॅ आणि नायट्रोग्लिसरीन २०० मायक्रोग्रॅम रक्तात मिसळून सावकाश देतात. या औषधांनी रक्तदाब उतरला तर मेंदूचा अर्धमेला भागही जातो, म्हणून नजर मॉनिटरवर हवी. नळी अडकली तर ओढू नये, धमनी फाटते. औषध पुन्हा द्यावं, गुंगी वाढवावी, थांबावं.

प्रश्न : मानेतून थेट सुई घालतात म्हणे. धोक्याचं नाही का?

उत्तर : आहे, म्हणूनच तो शेवटचा पर्याय. सोनोग्राफीखाली कॅरोटिड दुभागते त्याच्या बरीच खाली, २१ गेजच्या बारीक सुईने टोचतात. शीथचा थोडाच भाग आत असल्याने तो सहज निसटतो. टाक्याने पक्का करावा लागतो. खरी भीती शीथ काढल्यावर. गुठळी विरघळवणारं औषध दिलेलं असेल तर रक्त मानेत साकळून श्वासनलिका दाबली जाते. म्हणून भूल दिलेली असल्यास श्वासाची नळी लगेच काढत नाहीत. हाताने दाब देतात, पण अति दाबला तर मेंदूचा पुरवठाच थांबतो. काही वेळा शस्त्रक्रियेने भोक शिवावं लागतं. पुढचे काही तास मानेचा घेर, आवाजातला बदल आणि गिळताना होणारा त्रास यांवर लक्ष ठेवावं.