ऑनलाइन खेळ मध्येच का अडकतो?

प्रश्न : आम्ही जुळे सोलापूर भागात राहतो. वेग-चाचणीत इंटरनेटचा वेग भरपूर दिसतो, तरीही रात्री मुलाचा संगणकावरील ऑनलाइन खेळ अडकतो आणि जोडणी तुटते. काय करावे?

उत्तर : खेळासाठी वेगापेक्षा पिंग, म्हणजे सर्व्हरकडून प्रतिसाद येण्यास लागणारा वेळ, स्थिर असणे अधिक महत्त्वाचे असते. म्हणून दोष घरात आहे की बाहेर, हे आधी ठरवावे. खेळ अडकत असतानाच कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजमधील आज्ञा टाइप करण्याची खिडकी) ‘ping’ आणि पुढे राउटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) टाइप करून पाहावे. उत्तर एक-दोन मिलिसेकंदांऐवजी शंभरावर उडत असेल किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असे येत असेल, तर संगणक वायफायवर असल्यास दोष बहुधा वायफायचाच समजावा. अपार्टमेंटमध्ये शेजाऱ्यांचे राउटर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर एकमेकांना अडवतात, कारण तेथील चॅनेलांपैकी (लहरींच्या उपमार्गांपैकी) १, ६ आणि ११ हीच परस्परांपासून मोकळी असतात. म्हणून राउटरचे ५ गिगाहर्ट्झचे वायफाय वापरावे. माझे स्पष्ट मत विचाराल, तर राउटरपासून संगणकापर्यंत थेट लॅन केबलच ओढावी.

राउटरचा प्रतिसाद स्थिर असल्यास त्या वेळी घरातील मोबाइलवरून फोटोंचा बॅकअप चालू नाही ना, हे पाहावे, कारण अपलोडची वाट भरली की पिंग लगेच वाढतो. खेळात मुंबईचा सर्व्हर उपलब्ध असेल, तर सिंगापूरऐवजी तोच निवडावा. एवढ्यानेही फरक न पडल्यास पिंगच्या नोंदी वेळेसह जपून त्या सेवा पुरवठादाराकडे लेखी तक्रारीसोबत द्याव्यात.