आधी विचार, नंबर कुणाचा?

बाळा,

पुढच्या महिन्यापासून तू पाड्यांवरच्या लेकरांच्या लसीकरणात मदत करणार, यू-विन या सरकारच्या लसनोंदणीच्या ॲपवर नावं नोंदवून आयांना तारखा काढून देणार, हे ऐकून बरं वाटलं. "मोबाईल तर येतोच की काका, त्यात काय एवढं?" असं म्हणालीस, म्हणून हे पत्र. २०२१मध्ये मीही हेच म्हणालो होतो. सेवा केंद्र चालवणारा माणूस मी. सातबारे काढतो, पॅनकार्डाचे फॉर्म भरतो. लसीची नोंदणी म्हणजे त्यातलाच आणखी एक फॉर्म, असं मला वाटलं.

२८ एप्रिलला संध्याकाळी चार वाजता अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांसाठी कोविन, म्हणजे कोविडच्या लसीची सरकारी ऑनलाइन नोंदणी, उघडलं. या वयाला तेव्हा वेळ फक्त ऑनलाइनच घ्यावी लागायची. पिनकोड टाकायचा, मोकळ्या जागांचा हिरवा आकडा दिसायचा आणि बोट टेकवेपर्यंत तो शून्य झालेला असायचा. आपल्या पालघरच्या केंद्रांवर मुंबईच्या गाड्या येऊन थांबायच्या आणि गावातली पोरं कुंपणाबाहेरून बघत बसायची. लोक त्या मुंबईकरांवर चिडायचे. मी नाही चिडलो. त्यांच्याकडे रेंज होती, आपण टाकीवर चढून रेंज शोधत होतो. पहिला येईल त्याला मिळेल असा नियम केला की पहिला कोण येणार हे ठरलेलंच असतं. मे संपता संपता सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणी करायला परवानगी मिळाली, पण तोवर आपल्याकडे लसच आटली होती.

पण तुला सांगायची गोष्ट वेगळीच आहे. कोविनवर तेव्हा एका मोबाईल नंबरावर चार जणांची नावं चालायची. पाड्यावरच्या चार बायांकडे फोन नव्हते, मी चौघींना माझ्या नंबरावर घातलं. जून संपताना पहिला डोस झाला. कोव्हिशिल्डचा दुसरा ८४ दिवसांनी, म्हणजे सप्टेंबरात. वेळ मीच घेऊन दिली, चिठ्ठीवर तारीख लिहून दिली. त्या दिवशी मी भावाला घेऊन दवाखान्यात होतो आणि फोन बंद पडलेला. केंद्रावरच्या मुलाने चार आकडी कोड मागितला. तो कोड आला होता माझ्या फोनवर. चौघी उन्हातून चालत गेल्या तशा परत आल्या, मजुरी बुडाली ती वेगळीच. त्या मुलाची काही चूक नव्हती. मी माझा नंबर दिला तेव्हा मदत केली असं मला वाटलं होतं; खरं तर त्यांची चावी मी माझ्या खिशात घालून फिरत होतो.

दुसरा किस्सा वीटभट्टीवरच्या एका पोराचा. पहिला डोस गावात घेतला तो बहिणीच्या नंबरावर, दुसरा भट्टीवर, मुकादमाच्या नंबरावर नवी नोंदणी करून. झालं काय, तर दंडात दोन सुया आणि हातात पहिल्या डोसाची दोन प्रमाणपत्रं! लोकलचा पास मात्र दोन डोस पूर्ण झालेल्यालाच मिळायचा. तो घोळ निस्तरायला मला बरेच दिवस लागले.

तेव्हा नोंदणीआधी एवढंच विचार: हा नंबर कुणाचा, आणि सहा महिन्यांनी तो फोन कुठे असेल? पहिलं बाळंतपण माहेरी होतं. जन्माच्या लसी तिथेच टोचल्या जातात आणि नंबर लागतो मामाचा. बारशाआधी नोंद झालेली, म्हणून कार्डावर नाव 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं. सव्वा महिन्याने, तीन महिन्यांनी आई सासरी येते. आठवणीचा मेसेज मामाच्या फोनवर वाजत राहतो, आणि इथे आपण पोराची नवी नोंद करून बसतो. म्हणून आधी माहेरचं कार्ड माग. नसेल तर मामाला फोन लाव. नंबर आईचाच असावा, तिच्याकडे फोन नसेल तर घरी राहणाऱ्या कुणाचा तरी. तुझा कधीच नाही, कितीही गळ घातली तरी. आणि कुणाच्या आधारचा फोटो घ्यावा लागला, तर काम झाल्यावर तिच्यासमोर पुसून टाक.

तारीख काढताना ॲप बघण्याआधी शेत बघ. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत कुणी येणार नाही. दिवाळीनंतर अर्धा पाडा भट्ट्यांवर जातो. जाण्याआधी प्रत्येक कार्ड डोळ्यांखालून घाल आणि आईला सांग, लस कुठल्याही सरकारी केंद्रावर मिळते, फक्त कार्ड ने. दीड, अडीच, साडेतीन महिने, मग नऊ महिने, हे हिशेब आयांना पाठ असतात. चुकलं की मात्र त्या लाजेने लपवतात. त्यांना सांग, उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलं तिथून पुढे. बाकी काय टोचायचं, कधी टोचायचं, ते सिस्टर ठरवतील. त्यात आपण डोकं घालायचं नाही.

अजून एक. बीसीजीची कुपी दहा डोसांची असते, गोवराचीही बऱ्याच जणांना पुरणारी. एकदा तिचं द्रावण मिसळून तयार केली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकावी लागते. एकटी आई अवेळी गेली तर कधीकधी "पुढच्या वेळी ये" असं ऐकून परतते. म्हणून शक्य तेवढ्या आया एकाच सत्राला ने, आणि आदल्या दिवशी आशाताईंना सांगून ठेव. सुई झाली की अर्धा तास तिथेच बसायचं. रात्री ताप येऊ शकतो, हे आधीच सांग. न सांगितलेल्या तापाने पुढचा डोस बुडतो, हे मी फार वेळा बघितलंय.

सोमवारी ये, उपकेंद्रातल्या सिस्टरांची ओळख करून देतो. येताना दोनशे पानी वही आण. पहिल्या रकान्यात बाळाचं नाव नको, नंबर कुणाचा ते लिहायचं.

तुझा,
काका