कॅप्रॉक कॅन्यन्सच्या तळ्याकाठी तंबू टाकताना

प्रश्न : आम्ही डॅलसला राहतो. येत्या ऑक्टोबरमध्ये आठ व अकरा वर्षांची दोन मुले आणि भारतातून आलेले सासू-सासरे यांच्यासह टेक्सासमधील कॅप्रॉक कॅन्यन्स स्टेट पार्कमध्ये दोन रात्री तंबूत राहण्याचा विचार आहे. दोन्ही दिवस लेक थिओच्या काठीच घालवावेत की घळईतही उतरावे? तेथील ओढ्यांचे पाणी गाळून पिता येईल का? बायसन थेट तंबूंपर्यंत येतात, हे खरे आहे का?
– एक वाचक

उत्तर : आधी पाण्याचे सांगतो, कारण चूक होते ती तेथेच. ओढ्याचे पाणी गाळूनही पिऊ नका. घळईतला तो लालभडक खडक सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीच्या पर्मियन काळातील गाळाचा असून त्यात जिप्समचे पांढरे थर जागोजागी आहेत. ते आजही ओढ्यांत विरघळत असतात, त्यामुळे पाणी दिसायला नितळ असले तरी क्षारयुक्त असते आणि पोट बिघडवते. गाळल्याने गढूळपणा व जंतू जातील, पण विरघळलेला क्षार जाणार नाही. उकळल्यास पाणी आटून तो उलट दाटच होईल. तळावरच्या नळाचे पाणी भरून घ्यावे आणि चालताना तासाला माणशी एक लिटर या हिशेबाने ते बरोबर ठेवावे.

हाच जिप्सम पाहायला मात्र फार सुंदर आहे. बोटभर जाडीच्या पांढऱ्या रेघा लाल भिंतीवरून आडव्या-तिरप्या गेलेल्या दिसतात आणि जवळ गेल्यावर त्यांत रेशमाच्या लडीसारखे बारीक तंतू ओळखू येतात. खाली पडलेल्या एखाद्या तुकड्यावर मुलांना नखाने ओरखडा काढून दाखवा, म्हणजे दगडही किती मऊ असू शकतो हे त्यांना हाताने कळेल. तुकडा मात्र तेथेच ठेवावा.

बायसनविषयी आपण ऐकले ते खरे आहे. हा प्राणी म्हणजे आपल्याकडचा गवा नव्हे. अंगावर दाट केस आणि खांद्यावर मोठा उंचवटा असलेला हा अमेरिकेच्या गवताळ मैदानांचा रहिवासी आहे. शिकारीमुळे तो नामशेष होण्याच्या बेतात असताना 1878 च्या सुमारास मेरी अ‍ॅन गुडनाइट यांच्या आग्रहावरून त्यांचे पती, पशुपालक चार्ल्स गुडनाइट यांनी काही वासरे पकडून सांभाळली. त्या वासरांचे वंशज 1997 मध्ये या उद्यानात आणले गेले आणि 2011 पासून ते बऱ्याच मोठ्या क्षेत्रात मोकळे फिरतात. त्यामुळे सकाळी तंबूची चेन उघडावी आणि समोर बायसन चरताना दिसावा, हे येथे अगदी शक्य आहे. अशा वेळी किमान 50 यार्डांचे अंतर ठेवावे. तो जवळ असल्यास शांतपणे गाडीत जाऊन बसावे. त्याने शेपटी उभी केली, तर तो चिडला आहे असे समजून ताबडतोब मागे हटावे. एवढा अवजड प्राणी माणसापेक्षा कितीतरी वेगाने धावतो, ही गोष्ट मुलांना निघण्यापूर्वी घरीच समजावून सांगा.

आता तळ्याविषयी. माझ्या मते दोन्ही दिवस काठावर बसून राहू नये. लेक थिओ बांध घालून तयार केलेले लहानसे तळे आहे आणि दुष्काळी वर्षांत त्याचे पाणी फार खाली जाते. संध्याकाळ मात्र तेथेच घालवावी, कारण या परिसरात 10,000 वर्षांहून जुन्या, फॉलसम नावाच्या प्राचीन शिकारी लोकांच्या भाल्यांची दगडी पाती आणि त्यांनी मारलेल्या, आजच्याहून मोठ्या बायसनची हाडे सापडली आहेत. ज्या परिसरात हजारो वर्षांपूर्वी बायसनची शिकार झाली, तेथेच आज जपलेला कळप चरतो आहे, हे मला या उद्यानातले सर्वांत हृद्य दृश्य वाटते. घळईत पहाटेच उतरावे, कारण उन्हात तापलेल्या भिंतींमुळे खाली वरच्यापेक्षा अधिक उकडते.

वडीलधारी मंडळी बरोबर असल्याने वीज व पाणी असलेला हनी फ्लॅट हाच तळ घ्यावा. तंबू कोरड्या ओढ्याच्या पात्रात लावू नका. दूर कोठे पाऊस पडला तरी तेथे अचानक लोंढा येतो. खुंट्या लांब घ्या, कारण पठारावर वारा अडवायला काहीच नाही. शिवाय ऑक्टोबरमध्ये उत्तरेचे वारे सुटले की काही तासांत कडाक्याची थंडी पडू शकते, म्हणून सासूबाई-सासऱ्यांसाठी जाड पांघरुणे घ्यावीत.

वेळ उरला तर जुन्या रेल्वेमार्गावर तयार केलेल्या 64 मैलांच्या पायवाटेवरील क्लॅरिटी बोगदा पाहण्यासारखा आहे. उन्हाळ्यात तेथे लाखो वटवाघळे असतात आणि थंडी सुरू होताच ती मेक्सिकोकडे निघतात; तो थवा पाहायचा असेल, तर ऑक्टोबरच्या अगदी पहिल्या आठवड्यातल्याच तारखा घ्या.