वाचकांचे प्रश्न : लायनरला बाहेरून छिद्रे का पडतात?

प्रश्न : माझ्या जुन्या डिझेल मोटारीच्या इंजिनाचे काम तीन वर्षांपूर्वी केले, तेव्हा चारही लायनर (पिस्टन ज्यांत वरखाली होतो ती नळकांडी) नवे बसवले होते. अलीकडे रेडिएटरमधील पाणी कमी होऊ लागले आणि ऑइल दुधाळ दिसू लागले. हेड गॅस्केट (इंजिनाचे वरचे झाकण व खालचा भाग यांमधील पट्टी) बदलूनही फरक पडला नाही. इंजिन खोलल्यावर तिसऱ्या लायनरला बाहेरच्या अंगाने टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आढळली. लायनरच हलक्या प्रतीचा होता, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : हलक्या मालाची शक्यता अगदीच नाकारता येत नाही, परंतु आपण सांगितलेल्या खुणा दुसऱ्याच कारणाच्या आहेत. आपल्या इंजिनात वेट लायनर आहेत, म्हणजे त्यांच्या बाहेरच्या अंगाला पाणी थेट लागते. ज्वलनाच्या वेळी पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर रेटला जातो, त्या धक्क्याने लायनर थरथरतो आणि त्याला लागून असलेल्या पाण्याचा दाब क्षणभर घटून वाफेचे बुडबुडे तयार होतात. ते लगेच फुटतात तेव्हा पाण्याचा बारीक पण जबर फटका धातूवर बसतो. असे असंख्य फटके बसून धातू कोरला जातो आणि शेवटी छिद्र आरपार जाते. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. जुना लायनर टाकून दिला नसेल, तर तो हातात घेऊन पाहावा : छिद्रे पिस्टन रेटला जातो त्या बाजूला उभ्या पट्ट्यात असतील, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. साध्या गंजाचे खड्डे अशी एकच बाजू धरून पडत नाहीत.

तीन वर्षांत रेडिएटरमध्ये आपण काय भरत होता, हे पत्रात लिहिलेले नाही. नुसते पाणी भरत असाल, तर दोष तेथेच शोधावा. कूलंट म्हणजे पाणी गोठू न देणारे द्रव, एवढाच पुष्कळांचा समज असतो. पण डिझेल इंजिनासाठीच्या कूलंटमधील रसायने लायनरवर पातळ संरक्षक थर धरतात आणि बुडबुड्यांचा मारा तो थर सोसतो. रेडिएटरचे झाकण दाब धरत नसेल, तर बुडबुडे अधिकच सहज तयार होतात.

आतून झिजलेल्या लायनरची गोष्ट निराळी. एअर फिल्टरमधून शिरलेली धूळ किंवा गळक्या इंजेक्टरमुळे (डिझेल आत फवारणाऱ्या भागामुळे) धुऊन गेलेला ऑइलचा थर ही तेथील नेहमीची कारणे असून, झीज सर्वाधिक वरच्या टोकाशी होते, कारण पिस्टन तेथे क्षणभर थांबतो आणि ऑइलचा थर सर्वांत पातळ होतो.

नवा लायनर बसवताना ब्लॉकमधील, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यातील, त्याची बैठक स्वच्छ करून घ्यावी आणि त्याची कड ब्लॉकच्या वर किती राहते, हे डायल गेजने मोजून पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावे. पिस्टन व लायनर यांमधील फट आणि इंजेक्शन पंपाचे टायमिंगही (डिझेल आत सोडण्याची वेळ) याच वेळी तपासावे, कारण फट वाढली असेल किंवा टायमिंग प्रमाणाबाहेर पुढे असेल, तर पिस्टनचा धक्का वाढतो आणि नवा लायनरही तेवढाच थरथरतो.