रस नको, साल घ्या! संत्र्या-लिंबाच्या कुकीज आणि तुमची पत्रं

ऑक्टोबरच्या अंकात फराळावर लिहिताना मी सहज एक वाक्य टाकून दिलं होतं, की चकल्या-लाडवांचा कंटाळा आला तर संत्र्याच्या बटर कुकीज करा, अगदी सोप्या आहेत. आणि प्रमाण दिलंच नाही! मग काय, ज्याने त्याने आपापल्या मनाने केल्या आणि ज्या बिघडल्या त्या सगळ्या माझ्या खात्यात जमा झाल्या. चूक माझीच आहे, त्यामुळे आजचा अख्खा कॉलम कुकीजला. एक पत्र तर मे महिन्यापासून पडून होतं, तेही घेतलंय, उशिराबद्दल सॉरी.

ताई, मी चार संत्र्यांचा ताजा रस काढून घातला, पीठ सैल झालं म्हणून मैदा वाढवला, मग कोरडं वाटलं म्हणून अजून थोडा रस. एवढं करून संत्र्याचा वासच नाही! आणि कुकी कमी, पाव जास्त लागतो. मुलगा म्हणतो, आई यात वडा घालून दे. कुठे चुकलं? (एक वाचक, ठाणे)

अगं, रसानेच घात केला. लहानपणी संत्र्याची साल भावाच्या डोळ्यासमोर दाबून फवारा मारायचीस की नाही? नसशील तर आमच्याच घरात सगळे दुष्ट होते म्हणायचं. तो जो झोंबणारा फवारा असतो ना, तो म्हणजे सालीतलं तेल, आणि संत्र्याचा सगळा वास त्यात असतो. पणतीच्या ज्योतीवर साल पिळली की चर्रर करून ठिणग्या उडतात, त्याही त्या तेलाच्याच. रसात काय असतं, बहुतेक पाणी, थोडी साखर, थोडा आंबटपणा. त्याचा जो काय थोडाफार वास असतो तो ओव्हनमध्ये उडून जातो आणि पाणी मात्र आपलं काम करून जातं. मैद्याला पाणी मिळालं आणि वरून तू ते मळलंस की तो चिवट होणारच, पोळीच्या कणकेला आपल्याला हेच हवं असतं पण कुकीला नेमकं हेच नको असतं. कुकीत बटर मैद्याच्या कणाकणाला लागलं पाहिजे म्हणजे मग ती तोंडात भुगा होते.

आता प्रमाण लिहून घे, एक-दोन-तीन असं लक्षात ठेवायचं. साखर ५० ग्रॅम, बटर १०० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम. बटरचं १०० ग्रॅमचं पाकीट मिळतंच, त्यामुळे तेवढं तरी मोजायचं काम वाचलं. यात दोन संत्र्यांच्या सालीचा कीस आणि एका लिंबाच्या सालीचा थोडा. नुसत्या संत्र्याचा वास भाजल्यावर जरा झोपतो, लिंबू त्याला उठवतं. रस घालायचाच असेल तर लिंबाचा, एक छोटा चमचा, बास. बेकिंग पावडर, सोडा, अंडं, दूध काही नको. आपलं नेहमीचं पिवळं बटर खारं असतं म्हणून मीठही नको.

आणि आता जे सांगते ते टाळू नकोस. साखर दाणेदार घे, त्यावर सालीचा कीस टाक आणि बोटांनी चोळ, दोन-तीन मिनिटं, चांगली चोळ. साखर हळूहळू ओलसर होते, समुद्रकाठच्या वाळूसारखी, रंग फिकट केशरी येतो आणि स्वयंपाकघरभर असा वास सुटतो की घरातलं कोणीतरी येऊन विचारतंच काय चाललंय. दाणे सालीवर घासले की तेल सुटून साखरेत मुरतं. मग ती मिक्सरला फिरवून पिठीसाखर करायची (गरम झाली तर गार होऊ दे), बटरमध्ये मिसळून हलकं होईपर्यंत फेटायची, मैदा चाळून घालायचा आणि बोटांच्या टोकांनी फक्त गोळा करायचा. मळायचं नाही. सवयीने मनगट लागतं, माझं अजूनही लागतं, तेव्हा एक हात मागे धरायचा. गोळ्याची बटर पेपरमध्ये लांबट वळकटी करून फ्रिजमध्ये तासभर, मग पाऊण सेंटीमीटर जाडीच्या चकत्या कापून १६० डिग्रीला १५ ते १८ मिनिटं. कडा जेमतेम सोनेरी झाल्या की काढायच्या, तेव्हा मधे मऊच लागतात, घाबरून परत आत ढकलू नकोस, गार झाल्या की खुसखुशीत होतात. साधारण वीस होतात, आमच्याकडे मोजायच्या आधीच सोळा उरतात.

ताई, मी हुशारी केली आणि संत्र्याची साल सरळ मिक्सरला लावली. कुकीज दिसायला भारी पण कडूजहर. मेसवरच्या मुलींनी एकेक खाल्ली आणि गप्प बसल्या. (हॉस्टेलवरची एक, कोल्हापूर)

गप्प बसल्या म्हणजे मैत्रिणी चांगल्या आहेत तुझ्या. मी पहिल्यांदा हेच केलं होतं, तेव्हा आमच्याकडे चहासोबत दोन कुकीज शांतपणे खाऊन "काही औषधी आहे का गं" असं विचारण्यात आलं होतं.

वरचा रंगीत पापुद्रा तेवढाच घ्यायचा, खालचा पांढरा भाग कडू असतो, तो किसणीवर यायला लागला की थांबायचं. किसणीसाठी बाजारात जाऊ नकोस, जायफळ किसायची बारकी किसणी आईकडे असेल ती पळव. कीस तिच्या मागच्या बाजूला अडकून बसतो, तो कोऱ्या टूथब्रशने झटकून घ्यायचा, नाहीतर अर्धा माल किसणीलाच जातो. एका जागी दोनदाच घासायचं आणि फळ फिरवायचं.

आपल्या नागपुरी संत्र्याची गंमत अशी की साल ढगळ असते, आत हवा, किसायला गेलं की दबते. म्हणून सोलायच्या आधी किसायचं (सोललेली साल किसून बघ एकदा, बोटं किसली जातील) आणि त्याआधी वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवायचं, कडक होते. मोसंबीची साल घट्ट असते, किसायला सोपी, पण वास सौम्य, पाहुण्यांना कळणारही नाही की मोसंबी आहे. कागदी लिंबाची साल तर नावाप्रमाणेच, चार-पाच घासांत संपते आणि लगेच पांढरं लागतं. ईडलिंबू मिळालं तर सोडू नकोस, जाड खडबडीत सालीचं ते, लोणच्यासाठी आणलेलं असतं त्यातलंच एक ढाप. किसलेलं फळ मात्र त्याच दिवशी खाऊन टाक, उघडं पडलं की सुकतं.

हो, आणि फळ चकचकीत दिसत असेल तर मेण लावलेलं असू शकतं, कोमट पाण्यात स्वच्छ घासून धू आणि अगदी कोरडं पूस. आत्ता डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री आहेत, ती संपली की फेब्रुवारी-मार्चला मृग बहाराची येतात, त्यामुळे प्रयोगाला दोन संधी आहेत तुला.

माझ्या कुकीज ओव्हनमध्ये पसरून एकमेकींना चिकटल्या आणि ट्रेभर एकच पोळी झाली. सुरीने चौकोन कापून वड्या म्हणून दिल्या. प्रमाण बरोबर होतं. (एक वाचक, जळगाव, पत्र मे महिन्यातलं)

जळगावात, मे महिन्यात, कुकीज! तुमच्या हिमतीला नमस्कार. बटर ३२ ते ३५ डिग्रीला वितळायला लागतं, आणि तुमच्याकडे मे महिन्यात ओटा त्याहून गरम असतो, म्हणजे ओव्हनमध्ये जायच्या आधीच बटर वितळलेलं होतं. चकती थंडगार आत गेली तर वरचा मैदा आधी सेट होतो आणि मग आतलं बटर वितळतं, आकार राहतो. आधीच मऊ असेल तर बटर पहिल्या दोन मिनिटांत वाहतं आणि मैदा त्याच्या मागोमाग. रेसिपीत "रूम टेंपरेचरचं बटर" असं जे लिहिलेलं असतं ती रूम तुमची नाही, हे लक्षात ठेवायचं. बोट दाबलं की खळगा पडावा पण बटर चकाकायला नको, एवढंच मऊ.

उन्हाळ्यात हे सगळं सकाळी सहाला करायचं, वळकटी फ्रीझरमध्ये टाकायची, कापून झाल्यावर ट्रेसकट परत दहा मिनिटं फ्रिज. दुसरा घाणा गरम ट्रेवर मांडायचा नाही, ट्रे उलटा करून नळाखाली धरा, पुसा, मग मांडा. आणि ओव्हन पुरता तापलेला हवा. ओटीजीचा काटा पुष्कळदा खोटं बोलतो, आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो तो घ्या. बाकी वड्यांची आयडिया मला आवडली.

नमस्कार. मी निवृत्त गृहस्थ, आता स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आहे. घरी म्हशीच्या दुधाचं लोणी निघतं. विकतचं बटर का आणावं? आणि तूप वापरलं तर? (साताऱ्याचे एक काका)

काका, नमस्कार. लोणी जरूर वापरा, फक्त त्यात ताक लपलेलं असतं. विकतच्या बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश असतो, घरच्या लोण्यात पाणी किती हे आपल्या हाताच्या जोरावर ठरतं. गार पाण्याने दोन-तीनदा धुवा, मग पातळ सुती फडक्यात गच्च दाबा, पाणी थेंबभरही निघेनासं झालं की १०० ग्रॅम मोजा आणि चिमूटभर मीठ घाला. विरजणाच्या लोण्याचा तो किंचित आंबूस वास लिंबाशी इतका छान जमतो की मला तरी विकतच्यापेक्षा तेच आवडतं.

तूप घेतलंत तर ती नानकटाई होईल, वाईट काहीच नाही, पण वेगळी. तुपात पाणी जवळपास नसतंच म्हणून १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तूप, तेही थिजलेलं, रवाळ, गरम करून नाही. कुकी जास्त ठिसूळ होते आणि तुपाचा वास संत्र्याला दाबतो, म्हणून तुपाबरोबर मी फक्त लिंबू वापरते आणि वेलची अजिबात घालत नाही. दिवाळीच्या आधी डबे भरून सामान घेऊन बेकरीच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणायला जायचो ना, तो रांगेतला वास आठवतो का तुम्हाला? तो बराचसा डालड्याचा होता, पण आठवणीत साजूक तूपच असतं!

आणि दुकानात बटरच्या शेजारी तसंच पिवळं पाकीट असतं त्यावर बारीक अक्षरात फॅट स्प्रेड लिहिलेलं असेल तर ते पावाला लावायला ठेवा, कुकीला नको.

मुलाकडे जर्मनीत आले आहे तीन महिन्यांसाठी. इथे मैदा नावाचं काही दिसत नाही, बटर अळणी आहे. नातवाला कुकीज करून द्यायच्यात. (एक काकू, मुक्काम स्टुटगार्ट)

काकू, पिठाच्या पाकिटावर ४०५ हा आकडा शोधा, तोच आपला मैदा समजा. बटर तिथलं अळणीच असतं, ८२ टक्के स्निग्धांशाचं, झकास, त्यात चिमूट-दोन चिमूट मीठ घाला की झालं. लिंबं घेताना मात्र मुलाला पाकिटावरचं वाचायला सांगा, साल खाण्याजोगी आहे की वरून प्रक्रिया केलेली हे तिथे लिहिलेलं असतं. तिकडचं लिंबू मोठं आणि जाड सालीचं, आपल्या चार लिंबांइतका कीस एकातच निघेल. ओव्हनमध्ये पंखा चालू असेल तर १५० डिग्री पुरे.

ओव्हन नाही. जमेल? (पिंपरी)

जमेल. जाड बुडाची मोठी कढई, तळाला मिठाचा थर, त्यावर स्टँड, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायची, मग ताटलीत कुकीज ठेवून मंद आचेवर वीसेक मिनिटं. कुकर घेतलात तर शिट्टी आणि रिंग काढून. वरून उष्णता नसते त्यामुळे वर रंग येत नाही, रंगाची वाट बघाल तर खालून कोळसा होईल. एक उचलून खालची बाजू बघा, सोनेरी असेल तर बंद करा. एका वेळी पाच-सहाच मावतात, रविवार काढून ठेवा.

किती दिवस टिकतात? मुलीच्या डब्यासाठी. (नाशिक)

पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस आरामात. मऊ पडल्या तर १५० डिग्रीला पाच मिनिटं. त्यापेक्षा वळकट्याच फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर राहतात, हव्या तेव्हा चार चकत्या कापायच्या.

सासूबाईंनी उटण्यासाठी संत्र्याच्या सालीची पूड करून ठेवली आहे, चांगला मोठा डबा आहे. ती घातली तर चालेल ना? (पुणे)

नाही हो! वाळवताना तेल बरंचसं उडून गेलेलं असतं आणि पांढऱ्या भागासकट दळलेली असते, म्हणजे वास गेला आणि कडूपणा तेवढा राहिला. शिवाय त्या डब्यातून दोन चमचे कमी झालेले सासूबाईंना कळतीलच. साल पुढच्या वेळी त्यांनी वाळत घालायच्या आधी तुम्ही किसून घ्या, उरलेली त्यांना द्या.