ब्रेमरहाफेनची पोस्टडॉक घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातून पीएचडी झाली, प्रबंध बंगालच्या उपसागरातल्या गोड्या पाण्याच्या थरावर आहे, आणि आता जर्मनीत ब्रेमरहाफेनच्या आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूटमध्ये समुद्रबर्फ आणि महासागराच्या मॉडेलिंगची, म्हणजे संगणकावर त्यांची नक्कल करण्याची, दोन वर्षांची पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी) समोर आली आहे. बर्फावर कधी काम केलेलं नाही, बायकोची आयटीतली नोकरी पुण्यात आहे, आणि दोन वर्षांनी पुढे काय ही धाकधूक आहे. मी याच विषयात आणि याच भागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत: जा. बर्फावर काम केलेलं नाही या कारणासाठी तर अजिबात नाकारू नका. गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी उपसागरावर हलका थर धरतं आणि खालचं पाणी वर मिसळू देत नाही, आणि तो थर मॉडेलमध्ये नीट उतरवणं किती जिकिरीचं असतं हे तुम्ही प्रबंधासाठी भोगलेलंच आहे. आर्क्टिकमधला मूळ प्रश्न तोच. गोठायला आलेल्या थंड पाण्याची घनता तापमानापेक्षा क्षारतेवर जास्त अवलंबून असते. ओब, येनिसेई, लेना या सायबेरियन नद्या आणि वितळणारा बर्फ यांनी वरचं पाणी हलकं राहतं. खाली अटलांटिकमधून आलेलं कोमट पाणी असतं. मधला क्षारतेचा थर टिकला तर ती उष्णता खालीच अडकते, विस्कटला तर बर्फ खालून वितळतो. वरचं आणि खालचं पाणी एकमेकांत कसं मिसळतं याची ज्याला खरी समज आहे असा माणूस या विषयात दुर्मिळ असतो. मुलाखतीत हे ठामपणे सांगा, दबकत नको.

नवं शिकायचं आहे ते बर्फाचं यांत्रिकी. दुधावरची साय ढकलली तर सुरकुतते, ओढली तर फाटते; समुद्रबर्फही दाबाला तोंड देतो, ताणाला फारसं नाही. 1979 मध्ये विल्यम हिबलर यांनी मांडलेलं व्हिस्कस-प्लास्टिक सूत्र (बर्फ कमी जोरात घट्ट द्रवासारखा सरकतो, जास्त जोरात कायमचा वाकतो-मोडतो असं मानणारं) आजही बहुतेक मॉडेल्सच्या मुळाशी आहे. 1997 मध्ये हंकी आणि ड्युकोविच यांनी त्यात लवचिकतेची जोड दिली, ती मुख्यतः गणित सुपरकॉम्प्युटरवर वेगाने सुटावं म्हणून. हे दोन शोधनिबंध येण्याआधी वाचा, समीकरणं हाताने सोडवून पाहा. खरा वाद आता लहान अंतरांवर आहे. ग्रिड, म्हणजे मॉडेलची जाळी, काही किलोमीटरवर आणली की मॉडेलमध्ये बर्फाच्या भेगा दिसू लागतात. हिवाळ्यात त्या भेगांतून समुद्राची उष्णता हवेत निसटते, आणि तिथेच नवा बर्फ धरताना मीठ खाली सुटतं. भेगा दिसायला बरोबर आणि कारणं चुकीची, असंही होऊ शकतं. ते तपासणं हेच तुमचं काम असेल, आणि मला तरी या विषयात याहून सुंदर काम दिसत नाही.

तिथलं मॉडेल म्हणजे फेसॉम. त्रिकोणांची जाळी, हवी तिथे बारीक, नको तिथे विरळ. कोड फोरट्रानमध्ये. मॉडेलचे मोठे रन, म्हणजे लांब गणनं, बहुतेकदा हाम्बुर्गच्या हवामान संगणन केंद्रातल्या लेवान्ते या सुपरकॉम्प्युटरवर जातात. तुम्हाला पायथन येतं ते छान, पण फोरट्रान घासूनपुसून या.

सही करण्याआधी प्रकल्पप्रमुखांना स्पष्ट विचारा: पहिला शोधनिबंध कशावर अपेक्षित आहे, आणि माझा किती वेळ संशोधनात जाईल, किती कोड सांभाळण्यात? दोन वर्षं दुसऱ्यांसाठी रन चालवण्यात गेली तर नंतर दाखवायला हाती काही उरत नाही. निरीक्षणं करणाऱ्या गटाशी बसता येईल का, हेही विचारा. 2019-20 मध्ये ‘पोलारश्टेर्न’ हे संशोधन जहाज आर्क्टिकच्या बर्फात अडकवून घेऊन वर्षभर वाहवत नेलं, त्या मोझाइक मोहिमेची निरीक्षणं याच संस्थेच्या नेतृत्वाखाली जमली. ती माणसं तुमच्या शेजारच्या खोल्यांत असताना निव्वळ पडद्यावरचा बर्फ पाहू नका. जहाजावर जायची संधी निघाली तर वैद्यकीय तपासणी करून घ्या आणि जा.

आता पैसे. पगार सरकारी वेतनश्रेणीत असतो, साधारण ई-13 या श्रेणीत. महिन्याला ढोबळमानाने 5,000 युरो, आणि एकट्या माणसाच्या हातात कर, आरोग्यविमा, पेन्शन कापून 3,000 च्या थोडं वर. या श्रेणीत पायऱ्या असतात. पीएचडीनंतरचा, किंवा प्रकल्पावर पगारी केलेल्या कामाचा अनुभव धरून वरची पायरी मिळू शकते, पण ती करारापूर्वी, पुण्याच्या संस्थेच्या पत्रासह मागावी लागते. नंतर बदलून घेणं फार कठीण.

व्हिसाबद्दल एक गोष्ट नीट वाचा. संशोधकांचा वेगळा परवाना असतो आणि संस्था बहुधा तोच सुचवते. पण तुमचा पगार युरोपियन ब्लू कार्डच्या (उच्चशिक्षित परदेशी कामगारांच्या परवान्याच्या) किमान पगाराच्या अटीत बसतो, तेव्हा ब्लू कार्ड मागा. त्यावर कायम वास्तव्याचा अर्ज 27 महिन्यांनी करता येतो, आणि जर्मन भाषेची बी-1 ही मधली पातळी गाठली तर 21 महिन्यांनी. करार 24 महिन्यांचा आहे! म्हणजे जर्मन शिकलात तर करार संपण्याआधी हक्क हाती येतो, नाहीतर करार संपतो आणि तीन महिने कमी पडतात. पुण्यातच मॅक्सम्युलर भवन आहे, आजच वर्गाला नाव घाला, दोघांचंही.

पत्नीला जोडीदाराच्या व्हिसावर कुठलीही नोकरी करता येते. ‘पुण्याची नोकरी तिथून चालू ठेवू’ हा हिशेब मात्र धरू नका. जर्मनीत बसून केलेल्या कामावर जर्मनीचा कर आणि सामाजिक विमा लागतो आणि भारतातल्या कंपन्या त्या भानगडीत सहसा पडत नाहीत. ब्रेमरहाफेन लहान आहे, घरभाडं कमी, पण आयटीतल्या नोकऱ्याही कमी. ब्रेमेनला राहा. तिथे एअरबस आहे, उपग्रह बनवणारी ओएचबी आहे, आणि तुम्हाला रोज रेल्वेने जाता येईल. तिची इच्छा नसेल तर हे प्रकरण तिथेच थांबवा, हे मी मनापासून सांगते. एकाची करिअर मोडून उभी राहिलेली पोस्टडॉक मी जवळून पाहिली आहे आणि ती दोघांनाही जड गेली.

हिवाळ्याचं एवढंच: डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसात तासांचा, आणि वारा सतत.

परतीची वाट बंद होत नाही. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर, न्यू-ओलेसुंडला, 2008 पासून भारताचं हिमाद्री केंद्र आहे, आणि तिथेच जर्मनांचं फ्रेंचांबरोबरचं केंद्रही. दोन्हीकडच्या लोकांना ओळखणारा मॉडेलर आपल्याकडे हवाच आहे. शिवाय पुण्याच्या आयआयटीएम या उष्णदेशीय हवामान संशोधन संस्थेने स्वतःचं पृथ्वी-प्रणाली मॉडेल उभं केलंय, त्यातही समुद्रबर्फाचा भाग असतोच. जर्मनीत राहायचं ठरवलंत तर कायदा लक्षात असू द्या: पीएचडीनंतर तात्पुरत्या करारांना साधारण सहा वर्षांची मर्यादा आहे, फक्त प्रकल्पाच्या निधीवरचे करार त्यापुढे जाऊ शकतात. म्हणून तुमची जागा कुठल्या निधीतून आहे हेही लेखी विचारून घ्या.

मुंबईच्या जर्मन वकिलातीची भेटीची तारीख मिळायला वेळ लागतो. होकार कळवताना रुजू होण्याची तारीख दोन-तीन महिने पुढे मागा, शक्यतो एप्रिलची. तेव्हा उजेड वाढलेला असतो आणि नव्या माणसाला घर शोधणंही सुसह्य होतं.